पुणे जवळ आहे, पण कोणासाठी?

पाहुणे आले की हमखास म्हणतात, "तुमचे बरे आहे बाबा, पुणे जवळ!" आम्हीही इतकी वर्षे मान डोलवत आलो. शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, पुण्यापासून ६५-७० किलोमीटर. दौंड सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, साधारण ७५ किलोमीटर. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा या दोन्ही तालुक्यांचा काही भाग त्यात गेला. कागदावर महानगर आमच्या दारात आले. पण या जवळपणाची किंमत घरातले कोण भरते, हे आम्हाला शिरूर सोडून दौंडला आल्यावरच समजले. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे आज अशाच विचारात असतील, म्हणून हा लेख.

आमच्या घरात पाच माणसे. दादी, आम्ही नवरा-बायको, मुलगी आणि मुलगा. आम्हा दोघांपैकी एक रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, तर दुसरी शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. लेख शिक्षिकेने लिहिला आहे, अनुभव मात्र सगळ्या घराचा आहे.

शिरूरची चौदा वर्षे

२००९ साली आम्ही नोकरीसाठी दौंडहून शिरूरला गेलो. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदी म्हणतात. घोड नदीच्या काठी इंग्रजांच्या फौजेची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढलेली तुकडी आदल्या संध्याकाळी इथूनच निघाली होती. आज त्याच रस्त्यावर सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी इथल्या कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून मुले आली. एका खोलीत चार-चार जण राहू लागले आणि आमच्या गल्लीतले घरभाडे बघता बघता दुप्पट झाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या लागल्या. "पुण्यापासून फक्त अमुक मिनिटांवर." ती मिनिटे बहुतेक रात्री दोन वाजता मोजली असावीत, असे आम्ही घरात हसून म्हणत असू. सकाळी लोणीकंद आणि वाघोली ओलांडताना जो वेळ जातो, तो त्या पाटीवर कधीच लिहिलेला नसतो. आम्हीही दोन-तीन ठिकाणी प्लॉट पाहून आलो. एका ठिकाणी सातबारा दाखवला, पण बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागितल्यावर विषय बदलला. दुसरीकडे कागद व्यवस्थित होते, पण बँकेचे कर्ज काढल्याशिवाय जमणार नव्हते आणि सुदाच्या कर्जात पडायचे नाही हे आमच्या घरात पक्के होते. भिशीचे पैसे प्लॉटला पुरले नाहीत. आम्ही भाड्याच्या घरातच राहिलो आणि सुखात राहिलो. शाळा जवळ, कारखाना जवळ, मशीद चालत पाच मिनिटांवर.

मग २०२३ साल आले. मुलगी बारावी झाली. तिला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे होते आणि पुण्यातल्या मनासारख्या कॉलेजात तिचा नंबर लागला. घरात पेढे वाटले. रात्री जेवणे झाल्यावर सगळे गप्प बसले. जाणार कशी?

घर शोधताना

शिरूरहून रोज एसटीने पुण्याला जाऊन परत येणे मुलीला झेपणार नाही, हे दिसत होते. शिरूरला रेल्वे नाही. वसतिगृहाचा खर्च परवडत नव्हता. म्हणून सगळे मिळून पुण्याच्या अलीकडे राहावे असे ठरवले आणि चार रविवार घरे पाहण्यात घालवले.

वाघोलीच्या बाजूला एक घर आवडले. दोन खोल्या, हवेशीर, रांजणगावला जाणारी कंपनीची बस समोरच. दलालाने भाडे सांगितले, अनामत सांगितली, किल्ली हातात घेतली आणि मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर तो बाजूला जाऊन फोनवर बोलला. परत येऊन म्हणाला, "मालकांनी आजच दुसऱ्याला शब्द दिलाय." खिडकीवर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढच्या रविवारीही होती. मुलाने ती बसमधून वाचून दाखवली. तो तेव्हा सातवीत होता. त्याला काय सांगावे हे आम्हा दोघांनाही सुचले नाही.

कोंढव्यात तो प्रश्न नव्हता. तिथे ओळखीची माणसे होती, शाळा होत्या, मशिदी होत्या. पण भाडे आणि अनामत ऐकून आम्ही चहा न पिताच उठलो. शिवाय तिथून रांजणगाव आणि शिरूर दोन्ही लांब. एकीच्या शिक्षणासाठी दोघांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या असत्या.

परतताना दौंडला दादीकडे थांबलो. अब्बा रेल्वेत फिटर होते. त्यांच्या इंतकालानंतर दादी जुन्या घरात एकट्याच राहत होत्या. चल म्हटले तरी येत नव्हत्या. "इन्होंकी कबर इधर है, मैं किधर जाऊं," एवढेच उत्तर. आमची सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "घर ढूंढते फिर रहे. घर तो इधर खाली पड़ा है. आगगाडी दरवाजे पे है."

खरेच, आमच्या डोक्यात हे आलेच नव्हते. पुण्याकडे सरकायचे म्हणजे पुण्याच्या दिशेनेच सरकायचे, असा आमचा समज होता. आम्ही उलटे, आणखी आठ-दहा किलोमीटर लांब गेलो. २०२३ च्या जूनमध्ये टेम्पोत सामान भरून न्हावरे, केडगाव चौफुला, पाटस या रस्त्याने दौंडला आलो.

दौंडची आगगाडी

दौंड हे रेल्वेने मोठे केलेले गाव आहे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि हे जंक्शन झाले. बारामतीचा फाटाही इथूनच निघतो. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन इथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तेवढ्या वेळात फलाटावर चहा, वडे आणि ओळखीपाळखी होत. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे काही गाड्या गावाबाहेरूनच जातात. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि २०१७ च्या मार्चपासून डेमू गाडी धावू लागली. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे, तशीच विजेची लोकल दौंडला द्यावी, ही इथल्या प्रवाशांची जुनी मागणी आहे.

पुणे शहराशी दौंडचे नाते कसे आहे, हे पाण्यावरून लगेच कळते. खडकवासल्याचे पाणी कालव्याने दौंड आणि इंदापूर तालुक्यांकडे येते. दौंड शहराचे पिण्याचे पाणीही त्याच कालव्यावर अवलंबून. आवर्तन लांबले की घराघरांत हंडे-बादल्यांचा हिशोब सुरू होतो. आणि पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, ती भीमा पुढे आमच्या दौंडवरून उजनीकडे जाते. म्हणजे शहरातून चांगले पाणी मोजून मापून येते आणि घाण पाणी न मोजता. दादींनी याच घाटावर एके काळी गोधड्या धुतल्या आहेत. आता त्या नदीकडे बघतही नाहीत.

पण गाडी होती. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज या प्रवासासाठी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो, मुलांना बारावीपर्यंत. पुष्कळ पालकांना ही गोष्ट माहीत नसते. कॉलेजचा दाखला दिला की काम होते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास त्याच्या आदल्या वर्षापासून मोफत आहे. त्यामुळे पैशांचे गणित जमले. आम्हाला वाटले, सगळेच गणित जमले.

तीस तास

मुलीचा दिवस असा असे. पहाटे उठायचे, फजरची नमाज, डबा भरायचा, शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचे. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर करत गाडी पुण्याला पोचायला दीड तास, कधी दोन. पुढे सिटी बस. येताना पुन्हा तेच. वर्गात मुलांना शिकवतो तसे आम्ही एकदा हे फळ्यावर मांडावे तसे कागदावर मांडले. रोजचे पाच तास. सहा दिवसांचे तीस तास. म्हणजे शिक्षक आठवडाभर जेवढ्या तासिका घेतो, जवळपास तेवढा वेळ ही पोर फक्त प्रवासात घालवत होती.

शिक्षिकेला शाळेसाठी एसटीने चौफुला, तिथून दुसरी एसटी नाहीतर वडाप. कारखान्यातल्या माणसाची मोटारसायकल. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो शिरूरला भावाकडेच मुक्काम करायचा. घरातली तीन माणसे तीन दिशांना. आणि या तिघांचे डबे, मुलाची शाळा, दादींची औषधे, धुणे-भांडी, स्वयंपाक हे सगळे ज्या दोघींवर पडले, त्या दोघी स्वतःही प्रवास करणाऱ्याच होत्या. मुलगी गाडीतून उतरून थेट ओट्यापाशी उभी राहायची. घरातल्या पुरुषांनी आल्यावर पाणी मागायचे आणि तिने द्यायचे, हे कोणाला खटकलेही नाही. आम्हालाही नाही.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत ती दोन विषयांत नापास झाली. दहावी-बारावीत पहिल्या पाचांत असलेली मुलगी. आम्ही तिला बोललो. मोबाईल जास्त बघतेस, असेही बोललो. ती काही म्हणाली नाही.

त्या वर्षी परतीच्या पावसात एका संध्याकाळी गाडी मधेच थांबली. साडेसात वाजले, साडेआठ वाजले. फोन बंद. त्या आठवड्यात कारखान्यातला माणूस सेकंड शिफ्टला होता. रेल्वेखालच्या मोरीत पाणी साचले होते आणि रिक्षा मिळत नव्हत्या. दादी मुसल्ल्यावर बसून होत्या. शेजारचे काका, अब्बांबरोबर रेल्वेत नोकरी केलेले, छत्री आणि बॅटरी घेऊन दारात आले. "भाभी, तुम्ही बसा. मी बघून येतो," म्हणाले. त्यांच्या गुडघ्याचे दुखणे आम्हाला माहीत होते. ते मुलाला बरोबर घेऊन चिखलातून चालत स्टेशनला गेले. दहा वाजून गेल्यावर तिघे परत आले. मुलगी भिजलेली, पण खुशाल. महिलांच्या डब्यात केडगावच्या एक नर्सबाई होत्या. त्यांनी तिला आपल्याजवळ बसवून घेतले होते, डब्यातली पोळी दिली होती आणि केडगावला उतरताना दौंडच्या दोन बायकांच्या हवाली केले होते. आम्ही त्या नर्सबाईंना आजवर पाहिलेले नाही. दादी मात्र दुआ करताना त्यांचे नाव घेतात.

घरातली बैठक

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांचे फोन सुरू झाले. जवळच्या एका वडीलधाऱ्यांनी तर घरी येऊन सांगितले की खूप झाले शिक्षण, हडपसरला चांगले स्थळ आहे, मुलगी पुण्यातच जाईल, मग रोजची दगदग कशाला. आम्हाला राग आला, पण खरे सांगायचे तर मनात कुठेतरी मोहही झाला. इतक्या धास्तीपेक्षा ते सोपे वाटले.

इथे थोडे मागचे सांगायला हवे. २००० साली शिरूरच्या आम्ही चार मैत्रिणी बारावी झालो. पुणे तेव्हाही जवळच होते. चौघींनाही पुढे शिकायचे होते, चौघींच्याही घरी 'रोज जाणार कशी' हाच प्रश्न निघाला आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून चौघींचीही लग्ने लावून दिली. तिघींचे शिक्षण तिथेच थांबले. चौथी लग्न होऊन दौंडला आली. सासूने बाहेरून बी.ए. करू दिले आणि २००७ साली बी.एड. ला प्रवेश घेऊन दिला. तेव्हा बी.एड. एका वर्षाचे होते. दोन वर्षांची मुलगी सासूच्या कुशीत ठेवून ती वर्षभर पॅसेंजरने पुण्याला गेली. तीच हा लेख लिहिते आहे. त्या वर्षाबद्दल आम्ही नेहमी अभिमानाने सांगत आलो की रोज पहाटेच्या गाडीने जाऊन बी.एड. केले.

त्या दिवशी वडीलधारे गेल्यावर दादी म्हणाल्या, "तू गाडी से जाती थी. लेकिन उठती कौन थी? चार बजे चूल्हा मैं जलाती थी. तेरेकू बरतन कू हाथ नई लगाने दी सालभर. इस बच्ची के वास्ते कौन उठ रा?"

या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते. गाडी लक्षात राहिली होती, चूल विसरली होती. प्रवास एक जण करतो आणि त्याची किंमत घर भरते, असा तो हिशोब होता. आमच्या मुलीच्या बाबतीत प्रवासही तिचा आणि किंमतही तिचीच, असे झाले होते.

मग मुलीला विचारले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट विचारले. ती वही घेऊन आली. तिने आधीच लिहून ठेवले होते. म्हणाली, "अम्मी, कॉलेज बंद करनेकू मत बोलो. मेरेकू रोज के दो घंटे दे दो, बस." दोन तास कुठून आणायचे, तेही तिने लिहिले होते. सकाळचा डबा तिने भरायचा नाही. संध्याकाळी आल्यावर तिने ओट्यापाशी जायचे नाही. परीक्षेच्या महिन्यात कॉलेजजवळ राहणाऱ्या दोन मैत्रिणींच्या खोलीवर, थोडे पैसे देऊन, मुक्काम करायचा.

आम्ही तिघेही, म्हणजे आई-बाप आणि भाऊ, खाली मान घालून ते वाचत होतो.

त्यानंतर घरात बदल झाले. रात्रीची भांडी कारखान्यातून आलेला माणूस घासू लागला. सुरुवातीला दाराला कडी लावून घासायचा, आता नाही लावत. मुलगा कणीक मळायला शिकला. त्याच्या पहिल्या चपात्यांचा आकार बघून दादी म्हणाल्या, "ये तो हिंदुस्तान का नकशा है." पण खाल्ल्या. आठवड्यातून दोन दिवस भाजी आदल्या रात्री करून ठेवायची. परीक्षेच्या महिन्यात ती मैत्रिणींकडे राहिली. आम्ही रोज रात्री फोन करायचो आणि ती अभ्यासाचे सोडून जेवणाचे सांगायची.

मागे राहिलेले दोन विषय तिने दुसऱ्या वर्षी सोडवले. अल्हमदुलिल्लाह, आता ती शेवटच्या वर्षाला आहे. गाडी अजून उशिराच येते. मोरीत अजून पाणी साचते. पण स्टेशनवर न्यायला आता कोणीतरी असते आणि कोणी नसेल त्या दिवशी काका असतातच.

वाचकांना एवढेच

शिरूर, दौंड, किंवा अशाच एखाद्या गावातून शहराकडे सरकायचा विचार करणाऱ्या कुटुंबांना आम्ही काय सांगणार? आमचाच रस्ता बरोबर असे नाही. एखाद्याला कोंढवा परवडेल, एखाद्याला वसतिगृह मिळेल. पण घर ठरवण्याआधी एक कागद घ्या. त्यावर भाडे, अनामत, तिकीट लिहिता तसेच घरातल्या प्रत्येकाचे तास लिहा. सगळ्यात आधी कोण उठते, सगळ्यात शेवटी कोण झोपते, तेही लिहा. बहुतेक घरांत दोन्ही ठिकाणी एकच नाव येईल. ते नाव खोडून तिथे दुसरे लिहिता येते का पाहा. मुलगी शिकत असेल तर तो कागद तिच्या हातात द्या आणि ती काय लिहिते ते वाचा.

जमीन घेत असाल तर पाटीवरच्या मिनिटांवर जाऊ नका. सातबारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, मोठा प्रकल्प असेल तर महारेरा क्रमांक पाहा. आणि एकदा सोमवारी सकाळी आठ वाजता त्या रस्त्याने शहरात जाऊन या.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. वाघोलीत एका दाराने आम्हाला नाव विचारून परत पाठवले आणि दौंडमध्ये एक शेजारी दुखऱ्या गुडघ्याने चिखलातून आमच्या मुलीला आणायला गेला. आमच्या मुलाने दोन्ही पाहिले. यातले कोणते तो लक्षात ठेवील, याची आम्हाला काळजी असते. परवा काकांच्या घरी गॅसची टाकी चढवून द्यायला तो न सांगता गेला, तेव्हा थोडा जीव भांड्यात पडला.

दादींना आम्ही विचारले, मुलीला पुण्यात नोकरी लागली तर मग तरी येणार का पुण्याला? त्या म्हणाल्या, "शहर नजदीक है बोलते ना सब लोगां? तो उसकूच बोलो, कबी इधर आ के बैठ."

मुलगी हसली. तिची गाडी सकाळी आहे. डबा भरायची पाळी आज तिच्या अब्बांची.